टॅरंटुला कोळ्यासाठी घरीच किडे वाढवायचेत, रातकिडे नकोत, मग डुबिया झुरळं की अळ्या? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आम्ही श्टुटगार्टला असतो, दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलाकडे (वय 12) दोन वर्षांपासून मेक्सिकन रेडनी टॅरंटुला आहे, मादी, पाय पसरले की माझ्या तळहाताएवढी, गुडघ्यांवर नारिंगी. सुरुवातीला मला तिच्याकडे बघवत नव्हतं, आता ऑफिसातून आले की आधी तिच्या पेटीत डोकावते. या जातीच्या माद्या वीस वर्षांच्या वरही जगतात म्हणजे मुलगा शिकायला बाहेर गेला तरी ती माझ्याकडेच असणार, म्हणून आता नीट शिकून घ्यायचंय.

आतापर्यंत दुकानातून रातकिड्यांचा डबा आणायचो. ती दहा-बारा दिवसांतून एक-दोन खाणार, बाकीचे डब्यातच मरतात, वास सुटतो, आणि उरलेले रात्रभर किर्र करतात.

पण खरं कारण वेगळंय. गेल्या महिन्यात तिने खाणं सोडलं, पोटावरचे केस गेलेला भाग काळपट दिसायला लागला, आम्हाला कळलंच नाही की ही कात टाकायची तयारी आहे, आणि भूक लागली की खाईल म्हणून रातकिडा आतच राहू दिला. पहाटे मुलगा मला उठवायला आला. ती पाठीवर पडलेली, कात अर्धी निघालेली, आतले नवे पाय ओले, मऊ, आणि रातकिडा मागच्या पायाच्या टोकाशी बसून कुरतडत होता. चिमट्याने त्याला काढताना माझा हात थरथरत होता. पायाचं टोक गेलं, फिकट निळसर थेंब आला, तो थोड्या वेळाने वाळला. ती वाचली, पण मुलगा दोन दिवस धड जेवला नाही आणि मलाही ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाहीये.

तर विचारायचं असं की डुबिया खरंच घरभर पसरत नाहीत का? आमच्याकडे थंडीत खोली 20 डिग्रीच्या आसपास असते, तेवढ्यात पिल्लं होतील का? एकाच कोळ्यासाठी किती ठेवायची? की मिलवर्म (पिठातल्या अळ्या) बरे? मार्चमध्ये सासूबाई नाशिकहून तीन महिने येतायत, त्यांना घरात झुरळं आहेत हे सांगायचं म्हणजे आधी मला स्वतःला खात्री हवी.

प्रतिसाद 1
ताई, पायाची काळजी करू नका, पुढच्या एक-दोन कातींत भरून येतो, आधी जरा बारीक येतो इतकंच.
डुबिया बिनधास्त घ्या. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या उभ्या भिंतीवर त्यांना चढता येत नाही, माद्यांना तर पंखांचे नुसते ठोंब असतात. वासही फार नाही, आवाज तर नाहीच. उंच डबा घ्या, झाकणाला जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावा म्हणजे घाण खाली पडते. एक नर आणि तीन-चार माद्या या हिशोबाने सुरू करा. त्या अंडी बाहेर टाकत नाहीत, थेट पिल्लंच होतात, एका वेळी वीस-तीस. पण 20 डिग्रीत नुसती जगतील, पिल्लांसाठी 28 ते 30 लागतं, डब्याच्या एका बाजूला हीट मॅट लावा. पाण्याची वाटी नको, पिल्लं बुडतात, गाजराचे तुकडे पुरतात. एक मात्र आहे, डुबिया मातीत घुसून बसते आणि कोळ्याला सापडतच नाही, म्हणून डोकं चिमट्याने चेपून मग द्या.

प्रतिसाद 2
माझं मत थोडं वेगळं. एक मोठी मादी महिन्याला किती खाणार, चार-पाच किडे? आणि डुबियाची वस्ती एकदा लागली की वर्षभरात शेकड्यांनी होतात, मग ती कुणाला देत बसणार? वर्षानुवर्षं झुरळं हाताळून काही जणांना ॲलर्जीही होते, घरात दमा असेल तर आधीच विचार करा. एका कोळ्याला मिलवर्मचा छोटा डबा पुरे. ओट्सच्या कोंड्यात ठेवा, फ्रिजमध्ये ठेवले की वाढ मंदावते, महिनोन् महिने टिकतात. मोठे सुपरवर्म मात्र फ्रिजमध्ये मरतात, ते बाहेरच. आणि यांचंही डोकं चेपूनच द्यायचं. बागेतले किडे कधीच देऊ नका, कुणी काय फवारलंय आपल्याला माहीत नसतं.
काहीही द्या, 24 तासांत खाल्लं नाही तर काढून टाका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना थोडा दमा आहे, त्यामुळे झुरळं नकोच, तो प्रश्न तिथेच सुटला. मिलवर्म आणते, फ्रिजमधला डबा मात्र भाजीपासून लांब आणि वर नाव लिहून ठेवेन.
आता एकच. कात टाकून आज नऊ दिवस झाले. काल ती काचेला टेकून उभी राहिली तेव्हा टॉर्च लावून सुळे बघितले, पहिल्या दिवशी पांढरे होते, आता टोकाला काळे पण मुळाशी अजून लालसर दिसतायत. पाणी भरून ठेवलंय. मुलगा रोज विचारतो की तिला भूक लागली असेल ना, आज देऊ का. थांबायचं ना अजून?

प्रतिसाद 1
थांबा ताई. सुळे मुळापर्यंत काळे, म्हणजे कडक होऊ द्या, अजून आठवडाभर तरी. पहिला किडा छोटा आणि डोकं चेपलेलाच.