एकाच सिरीजची सहा जहाजं, डिझाईन बदल सांभाळायचे कसे?

प्रश्न: पहिलं जहाज पाण्यात उतरलंय, दुसऱ्याचे ब्लॉक जोडतायत, तिसऱ्याचं प्लेट कटिंग चालू. आता पंप सप्लायर बदलला म्हणून फाउंडेशन आणि पाइपिंग दोन्ही बदलायचंय. ड्रॉइंगची रिव्हिजन वाढवली की जुन्या जहाजावरचे लोक पण तीच उचलतात आणि मग राडा. तुम्ही काय करता?

गलबत्या: नुसती रिव्हिजन पुरत नाही रे, प्रत्येक बदलावर तो कुठल्या हल नंबरपासून (यार्डने प्रत्येक जहाजाला दिलेला क्रमांक) लागू ते लिहायचंच, म्हणजे जुनी रिव्हिजन पहिल्या दोन जहाजांसाठी जिवंत राहते आणि नवी तिसऱ्यापासून. आणि क्लासने (जहाजाचं डिझाईन आणि बांधणी तपासून प्रमाणित करणारी संस्था) अप्रूव्ह केलेलं ड्रॉइंग असेल तर बदल परत त्यांच्याकडे पाठवा, आधी वेल्डिंग मग कागद असं नको.

वजनकाटा: वजनाचं कोणी बोललंच नाही! सिस्टर शिप (त्याच डिझाईनचं जहाज) म्हणून इन्क्लायनिंग टेस्टमधून (जहाज थोडं कलवून गुरुत्वमध्य काढायची चाचणी) सूट हवी असेल तर सोलासप्रमाणे (जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार) लाइटशिप वजनातला (माल, इंधन वगैरे सोडून रिकाम्या जहाजाचं वजन) फरक १६० मीटर किंवा मोठ्या जहाजाला १ टक्का, ५० मीटर किंवा छोट्याला २ टक्के, मधल्यांना त्या प्रमाणात, आणि लांबीच्या दिशेने गुरुत्वमध्य लांबीच्या ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त सरकायला नको. किरकोळ बदल साठत जातात, ही मर्यादा ओलांडली जाते आणि मग शेवटच्या जहाजाला टेस्ट करावीच लागते.

जुनाफिटर: मोठे बदल साठवून एकदम घ्या, अमेरिकन नेव्हीने आर्ली बर्क क्लासमध्ये (इथे क्लास म्हणजे एकाच डिझाईनच्या विनाशिकांची मालिका) फ्लाइट, म्हणजे सुधारित डिझाईनचे टप्पे, पाडल्या तसं. हेलिकॉप्टर हँगर फ्लाइट दोन-ए पासूनच आला. सेफ्टीचा बदल मात्र थांबवू नका, तो तयार जहाजावर पण करा.