मदत हवी आहे: कॉक्लियाच्या सिंगल-सेल डेटात केसपेशी वेगळ्या पडत नाहीत

नमस्कार मंडळी, प्रौढ उंदराच्या कॉक्लियाचा (आतल्या कानातला ऐकण्याचा अवयव) सिंगल-सेल आरएनए डेटा, म्हणजे एकेका पेशीत कोणती जीन्स किती चालू आहेत याची मोजणी, स्यूराट या आर-पॅकेजमध्ये बघतेय. केसपेशी (आवाज टिपणाऱ्या पेशी) मुळातच कमी, एका कॉक्लियात सगळ्या मिळून सुमारे ३,०००. त्यात पेशी सुट्या करताना बऱ्याच मरतात. मायो७ए (केसपेशींची ओळख पटवणारं जीन) दाखवणारा छोटासा पुंजका (क्लस्टर) सापडलाय, पण प्रेस्टिनवाल्या बाहेरच्या आणि व्हीग्लूट३वाल्या आतल्या केसपेशी त्यात एकत्रच बसल्यात. वर ओटोफर्लिन, हेही केसपेशींचंच जीन, चक्क आधारपेशींतही (केसपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी) थोडंथोडं दिसतंय! फुटलेल्या पेशींचा तरंगता आरएनए असणार, दुसरं काय. रिझोल्यूशन (गट किती बारीक पाडायचे ते) वाढवलं की आधारपेशींचेच तुकडे पडतात, हा पुंजका जागचा हलत नाही. आधी सूपएक्सने (असा तरंगता आरएनए वजा करणारं साधन) सफाई करू, की एवढाच पुंजका बाजूला काढून, व्हेरिएबल जीन्स (पेशीपेशींत जास्त बदलणारी) नव्याने निवडून पुन्हा क्लस्टरिंग करू? आणि इतक्या कमी पेशींवर हार्मनी (वेगवेगळ्या नमुन्यांतला तांत्रिक फरक काढणारं साधन) चालवली तर खरा फरकही पुसला जाईल का?