परदेशातल्या गरीब कुटुंबांसाठी छोट्या संस्थेला पैसे देणं चूक आहे का?

निशिगंधा

गेली सहा वर्षं मी मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्या एका अगदी छोट्या संस्थेला दरमहा पैसे पाठवते. पगारी माणसं चार, त्यातल्या तिघी तिथल्याच माया या मूळनिवासी समाजातल्या बायका. काम एवढंच: उघड्या चुलीवर रांधणाऱ्या घरांत धुराडं असलेली चूल बांधून द्यायची आणि त्या घरातल्या मुलांच्या शाळेचा खर्च उचलायचा. परवा एका मैत्रिणीने ऐकवलं, "निम्मे पैसे पगारातच जात असतील. द्यायचेच तर मोठ्या संस्थेला दे." तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

ग्वाटेमालात पाच वर्षांखालची जवळपास निम्मी मुलं खुरटलेली आहेत, म्हणजे वयाच्या मानाने उंचीच वाढलेली नाही. ३६ वर्षं चाललेलं यादवी युद्ध १९९६ साली संपलं, आणि त्यात सगळ्यात जास्त होरपळली ती माया गावंच. तिथल्या कितीतरी घरांत आजही आतच जाळ पेटतो. तान्हं मूल आईच्या पाठीला बांधलेलं, त्यामुळे आईच्या डोळ्यांत जाणारा धूर त्याच्याही नाकात जातो.

संस्थेचं दरवर्षी एक पत्र येतं. दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की आदल्या वर्षीच्या चुलींपैकी सात बंद सापडल्या. दोन घरांत धुराडं काजळीने बुजलेलं. एकीकडे वरचा पत्रा तडकलेला. तिघींचं चुन्याच्या पाण्यात मका शिजवायचं मोठं पातेलं चुलीवर बसतच नव्हतं. सातवी म्हणाली, रात्री थंडी फार असते आणि उघड्या जाळाची ऊब या चुलीला नाही. पुढच्या पत्रात रुंद तोंडाच्या चुलीचा फोटो होता. आपलं काय फसलं ते घर मोजून सांगणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसतो.

काठावरचा

ताई, कळकळ पोचली, पण पत्र म्हणजे पुरावा नव्हे. याच विषयावर याच देशात नीट अभ्यास झालाय. सान मार्कोस भागातली ५३४ घरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली आणि एका गटाला धुराड्याची चूल दिली. निकाल २०११ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टरांनी निदान केलेल्या बालकांच्या न्यूमोनियात ठामपणे सांगता येईल अशी घट दिसली नाही. ओडिशात असाच मोठा प्रयोग झाला. पहिल्या वर्षी नाकात जाणारा धूर कमी झाला, पुढे फरक उरला नाही, कारण चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची डागडुजीही झाली नाही.

आता केनियाकडे बघा. सियाया भागात 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेने दहा हजारांहून जास्त कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १००० डॉलर मोबाइलवरून थेट दिले. त्यांचं तर भलं झालंच, पण पैसे न मिळालेल्या शेजारच्या घरांचीही मिळकत वाढली आणि महागाई जवळपास वाढली नाही. घराला काय हवंय ते त्या घरातल्या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिला चूल हवी असेल तर ती चूल घेईल, छपराला पत्रे हवे असतील तर पत्रे घेईल.

निशिगंधा

दादा, त्याच अभ्यासातलं पुढचं वाचा ना. रक्तातला ऑक्सिजन उतरतो तो गंभीर न्यूमोनिया, ज्याने मूल दगावतं, तो साधारण एक तृतीयांशाने घटला होता. आणि तिथे दर आठवड्याला माणूस घरी जाऊन चूल तपासायचा, मोडली असेल तर दुरुस्त करायचा. ओडिशात नेमकं हेच झालं नाही. म्हणजे चुलीइतकंच महत्त्व तिच्याकडे पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसाला आहे. माझी मैत्रीण ज्या पगाराला वायफळ खर्च म्हणते, त्या पगारावरच ती धुराड्यातली काजळी निघते.

रोख रकमेबद्दल मात्र तुमचं म्हणणं पटतं. शाळेच्या मदतीचे पैसे वह्या-गणवेशात न अडकवता सरळ आईच्या हाती द्या, असं मी त्यांना लिहिणार आहे.

रानवाट

दोघंही चूल की रोख यावरच भांडताय. मला मुळातच हे पटत नाही. ग्वाटेमालाचं सरकार देशाच्या उत्पन्नाच्या जेमतेम १२ टक्के कर गोळा करतं, लॅटिन अमेरिकेत अगदी तळाच्या देशांत. तिथली गरिबी हटली नाही कारण तिथल्या धनिकांनी कर भरला नाही. बाहेरून येणारी प्रत्येक चूल त्यांचं ओझं हलकं करते.

आणि बाहेरचा पैसा नेहमी निरागस नसतो. २००६ आणि २००७ या दोन वर्षांत तिथून दरवर्षी चार हजारांवर मुलं अमेरिकेत दत्तक गेली. घेणाऱ्यांना वाटत होतं आपण पुण्य करतोय. मग खोटे कागद, आयांना फसवणं, मुलं पळवणं सगळं बाहेर आलं आणि २००८ पासून नवी प्रकरणं बंद करावी लागली. परक्यांच्या दयेचा तिथे बाजार झाला होता, हे विसरू नका.

ओवी

रानवाट, दत्तकाचं वाचून पोटात कालवलं. मी पूर्वी दुसऱ्या एका संस्थेमार्फत एका मुलीचा खर्च उचलायचे. तीन वर्षं तिची पत्रं आली. मग एका ओळखीच्या बाईंना त्यांच्या 'मुला'चं आलेलं पत्र पाहिलं. अक्षर तेच, वाक्यंही तीच, फक्त नाव वेगळं. मी पैसे थांबवले, पण आजही त्या मुलीचं काय झालं असेल हे मनात येतं. निशिगंधा, तुमच्या संस्थेला मुलांचे फोटो पाठवू नका म्हणून सांगा. घरांचे, चुलींचे पाठवा.

निशिगंधा

ओवी, आजच लिहिते. रानवाट, कराचं तुमचं बरोबर आहे, आणि तिथले लोक त्यासाठी झगडत आहेतच. पण तो कर वसूल होईपर्यंत आत्ता पाठीला बांधलेलं मूल धुरातच राहणार. ते मला बघवत नाही. त्या तिघी तिथल्याच आहेत, त्यांची मुलंही त्याच शाळेत जातात. दया करायला बाहेरून आलेल्या नाहीत.

काठावरचा

पगाराचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण माझे पैसे मी केनियालाच पाठवणार. पुढच्या वर्षीच्या पत्रात किती चुली बंद निघाल्या ते मात्र इथे नक्की लिहा.