सल्ला हवा : अमेरिकेतील ज्यू स्थलांतरित आणि त्यांच्यातील स्त्री-पुरुष प्रतिमांविषयी काय वाचावे?

मृण्मयी_वा
नमस्कार. आमच्या वाचनगटात स्थलांतरावर चर्चा व्हायची असून पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यूंचा भाग माझ्याकडे आला आहे. मुलांना काळजीने हैराण करणारी आई आणि वडिलांच्या पैशांवर मिजास मारणारी लाडावलेली तरुणी ही दोन ज्यू पात्रे अमेरिकी विनोदांत वारंवार भेटतात. ती ज्यूद्वेष्ट्यांनी घडवली, की समाजाच्या आतूनच आली? एखादे अभ्यासपूर्ण आणि एखादे ललित पुस्तक सुचवावे.

अरुंधती
रिव्ह-एलन प्रेल यांचे 'फायटिंग टू बिकम अमेरिकन्स' (१९९९) आधी वाचा. तुमचा प्रश्न हाच त्या पुस्तकाचा गाभा आहे. बाहेरचा ज्यूद्वेष होताच, पण अमेरिकन होण्याच्या धडपडीत आपण कमी पडू ही धास्ती ज्यू स्त्री-पुरुषांनी एकमेकांच्या माथी मारली आणि त्यातून या प्रतिमा घडल्या, असे त्या दाखवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीतील कामकरी मुलींना भडक कपडे घालणाऱ्या, उथळ 'घेटो गर्ल' (ज्यू वस्तीतली पोरगी) म्हणून हिणवले जाई. त्याच वर्गातील मुलींनी क्लारा लेमलिच या तरुण कामगार मुलीने यिडिशमध्ये (पूर्व युरोपातील ज्यूंच्या बोलीत) केलेल्या भाषणानंतर १९०९ मध्ये शर्टवेस्ट (बायकांचे ब्लाउज) शिवणाऱ्या कामगारांचा प्रचंड संप लढवला होता, आणि १९११ मध्ये न्यूयॉर्कमधील ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत दगावलेल्या १४६ जणांत बहुसंख्य अशाच तरुण ज्यू आणि इटालियन स्त्रिया होत्या. हे डोळ्यांसमोर ठेवले की त्या टोमण्यांतला अन्याय फार बोचतो.

सोबत पॉला हायमन यांचे 'जेंडर अँड असिमिलेशन इन मॉडर्न ज्यूइश हिस्टरी' (१९९५) घ्या. पूर्व युरोपात धर्मग्रंथांच्या अध्ययनात बुडालेला पुरुष हा आदर्श होता आणि बाजारात बसून संसार चालवणाऱ्या बायकोत कोणाला वावगे दिसत नसे. मध्यमवर्गीय पाश्चात्त्य चौकटीत मात्र पुरुष कमावता झाला, मुलांवरील धर्मसंस्कार आईकडे आले, आणि मुले परंपरेपासून दुरावली की दोषही तिच्याच पदरी पडू लागला.

पुस्तकमित्र
ललितमध्ये अँझिया येझिएर्स्का यांची 'ब्रेड गिव्हर्स' (१९२५) ही कादंबरी. वडील पोथ्यांत रमलेले, मुली राबणाऱ्या, आणि दहा वर्षांची सारा रस्त्यावर ओरडून हेरिंग मासे विकते, तो प्रसंग मुळातूनच वाचावा. मात्र सारेच ज्यू पुरुष असे होते असे त्यावरून समजू नये. असंख्य पुरुष कपड्यांच्या कारखान्यांत आणि फेरीच्या धंद्यात झिजत होते.

मृण्मयी_वा
मनापासून आभार. त्या आईच्या प्रतिमेचा काळ मात्र अजून लक्षात आला नाही.

अरुंधती
ती प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर पक्की झाली. कुटुंबे उपनगरांत स्थिरावली होती, आणि त्यांतल्या लेखक-विनोदकार मुलांनी आपल्या मागे राहिलेल्या ज्यूपणाचे ओझे आईच्या रूपात रंगवले; लाडावलेल्या तरुणीवरील विनोदांना ऊत आला तो त्यानंतर, सत्तरच्या दशकात. दोन्हींत वडील मुकाट कष्ट उपसणारे आणि स्त्री मागण्या करणारी आहे, याकडे गटाचे लक्ष जरूर वेधा.

पुस्तकमित्र
वेळ कमी असेल तर प्रेल यांची सुरुवातीची प्रकरणे आणि 'हेस्टर स्ट्रीट' (१९७५) हा चित्रपट एवढे पुरेल. तो अब्राहम काहान यांच्या १८९६ मधील 'येकल' या लघुकादंबरीवर आधारित आहे. दाढी काढून जेक झालेला नवरा, मागाहून आलेल्या बायकोच्या डोक्यावरचा पारंपरिक विग पाहून ओशाळतो. संवाद बरेचसे यिडिशमध्ये आहेत, त्यामुळे उपशीर्षके असलेलीच प्रत मिळवा.