अनुभव सांगा: आजीच्या माहेरची वंशावळ कशी शोधलीत?

घोडबंदरची_नात
आमच्याकडे आजोबांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, अकरा पिढ्या, कोण कुठे वतनदार होतं सगळं. त्यात आजी एका ओळीत. नाव (तेही सासरी ठेवलेलं) आणि पुढे माहेरचं आडनाव, संपलं. माहेरी तिला काय हाक मारायचे हे आम्हा सात नातवंडांत एकालाही माहीत नाही, लाजच वाटली. तुम्ही कोणी शोधलंय का? कुठून सुरुवात केलीत?

नौपाडा_जुना
वडील पितृपक्षात महालय (सगळ्या पितरांचं श्राद्ध) करतात/करायचे का? मग गुरुजींसाठी लिहिलेली नावांची यादी शोधा. त्यात मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह असतात, म्हणजे वडिलांच्या आईचे वडील, आजोबा, पणजोबा, गोत्रासकट. तुमच्या आजीच्या माहेरच्या तीन पिढ्या आयत्या! आमची यादी देव्हाऱ्याच्या खणात पंचांगात घडी घालून ठेवलेली होती.

कोपरखैरणे_गाववाला
आमच्यात यादीबिदी नाय, आमचा सगळा इतिहास जमिनीच्या कागदात. आजीच्या माहेरची जमीन नवी मुंबईसाठी सिडकोत गेली, आणि साडेबारा टक्क्याच्या (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात भूखंड मिळायची योजना) वेळी मामे-आते सगळे वारस गोळा करायची वेळ आली तेव्हा कुठे कळलं की आजीला सख्ख्या चार बहिणी होत्या, आम्ही दोनच धरून चाललेलो. जुना फेरफार (जमीन कोणाच्या नावावर चढली त्याची तलाठ्याकडची नोंद) काढला, मयताचे वारस म्हणून भावांची नावं, मग बहिणींची, कोण कुठल्या गावात दिली तेपण. आणि खाली लगेच, बहिणींनी हक्क सोडला. अंगठे. आजीचं नाव मला आख्ख्या सरकारी दप्तरात त्या एकाच कागदावर सापडलं, जिथं तिने सगळं सोडून दिलं तिथं. त्या दिवशी जेवण गेलं नाय.
कामाची गोष्ट: 1956 चा वारसा कायदा आल्यानंतर बाप वारला असेल तर मुलींची नावं मिळायचा चान्स जास्त. बापाच्या नाहीतर भावाच्या नावाने शोधा, आजीच्या नावाने काय मिळत नाय.

ऐरोलीकर_बाबा
हसू नका. आजीच्या शाळेच्या दाखल्यावर 'जिल्हा कुलाबा' वाचून मी आणि मुलगा दोन रविवार दक्षिण मुंबईत चौकशा करत फिरलो. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं, अहो कुलाबा जिल्हा म्हणजे आत्ताचा रायगड, 1981 ला नाव बदललं. आजी निघाली उरणची! मी रोज जिथली गाडी सुटताना बघतो तिथली.
पण तो दाखला सोन्यासारखा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये लग्नाआधीचं नाव असतं, चौथीपर्यंत जरी गेली असेल तरी विचारा.

वसईची_ठाण्यात
आम्ही वसईचे ख्रिस्ती. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये आईचं नाव असतं, शिवाय धर्मपिता-धर्ममाता, ते बहुतेक वेळा मामा-मावशी निघतात. त्यामुळे एका नोंदीवरून अर्धं माहेर सापडतं. पॅरिश ऑफिसला (चर्चच्या कचेरीत) आधी फोन करून जा आणि तारीख नसेल तर निदान साल तरी सांगा, नाहीतर ते बिचारे किती वह्या चाळणार.

घोडबंदरची_नात
@नौपाडा_जुना काका, सापडली!! बाबांच्या जुन्या ब्रीफकेसमध्ये, आजोबांच्या अक्षरात. आजीचे वडील, आजोबा, पणजोबा तिन्ही नावं, गोत्रपण. फक्त एक खटकलं, प्रत्येक नावापुढे 'सपत्नीक' लिहिलंय. म्हणजे आजीची आई त्या एका शब्दात बसवली, तिचं नाव नाहीच.

कोपरखैरणे_गाववाला
ताई, आजीची धाकटी बहीण वगैरे कोण आहे का अजून? असेल तर कागद बाजूला ठेवा नि आधी तिच्याकडे जा. आमची एक गेल्या मे महिन्यात गेली, मी दिवाळीत जाणार होतो.

घोडबंदरची_नात
आहे, कळव्याला. कानाने कमी ऐकू येतं म्हणून फोन करत नाही आम्ही. उद्याच जाते.