जेलची उशी घेण्याआधी टेबल बघा

टायपिंगच्या मनगटदुखीवर एका ताईंनी कीबोर्डपुढे ठेवायची जेलची मऊ उशी सुचवलीय. घ्या, पण टाइप करताना तिच्यावर भार नको; ती थांबल्यावर तळहात टेकायला असते. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून एक मज्जातंतू आणि बोटं वाकवणाऱ्या 9 कंडरा (स्नायू हाडांना जोडणाऱ्या दोऱ्या) जातात. तिथे दाब वाढला की आधी मज्जातंतूच कुरकुरतो.

खरा घोळ उंचीचा. आमच्या सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्यात टॅलीवर (हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर) काम करणाऱ्याच्या नशिबी मालकाचं जुनं उंच टेबल आणि प्लास्टिकची खुर्ची. मग खांदे वर, मनगटं मागे वाकलेली. बसायला घडी घातलेली चादर घ्या (इथे चादरीला काय तोटा!), पाय लोंबकळले तर खाली खोकं ठेवा. कोपर कीबोर्डच्या पातळीत आलं पाहिजे. कीबोर्डचे मागचे पाय मात्र मिटवाच, त्यांनी मनगट आणखी वाकतं. नंबर पॅडमुळे माउस लांब जातो, म्हणून माउस डाव्या हाताला घेऊन बघा. चार दिवस चिडचिड होईल.

रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील तर मनगट सरळ ठेवणारा पट्टा झोपताना लावतात. करंगळी बधिर होत असेल तर प्रकरण बहुधा कोपरातलं; टेबलाच्या कडेवर कोपर टेकवणं सोडा. हातातून कप निसटायला लागला तर मलमं चोळत न बसता डॉक्टरांना दाखवा, सोबत मधुमेह आणि थायरॉइडही तपासून घ्या.