अलास्का क्रूझ: बाल्कनीची खोली घ्यावी का?

सायली: जूनमध्ये आई-बाबांना घेऊन सिअ‍ॅटलहून निघतोय. बाल्कनीचे जादा पैसे वसूल होतात का? आई शुद्ध शाकाहारी.

नंदूकाका: जहाज ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीत जाणार असेल तर घ्याच. तिथे दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरतं, म्हणून बाजू कुठलीही चालते. बर्फाचा कडा आधी कोसळताना दिसतो, गडगडाट मागून येतो! आमची ही शाल गुंडाळून बाल्कनीतच चहा पीत बसली. (चहा कसला, कोमट पाणी नि पुडी.) जेवणाचं पहिल्याच रात्री हेडवेटरला सांगा, आम्हाला रोज डाळ-भात मिळाला.

मिहिर: भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचा व्हिसाही बघा. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी जहाजांना मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं, बहुतेकदा कॅनडातलं व्हिक्टोरिया.

सायली: बापरे, एजंट हे बोललाच नाही! आजच विचारते.